करंजाड्याच्या कंटेनरातली जगबुडी

साताऱ्याहून माणसं नवी मुंबईला जातात ती नोकरीसाठी, लग्नासाठी, नाहीतर विमान पकडायला. मी गेलो तो जग बुडाल्यावर कसं राहायचं याचा सराव करायला. परत आल्यापासून दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक औषधाच्या आधी तेच विचारतं. पहिल्यापासून सांगत बसलो की माझ्या हातून खोकल्याच्या बाटलीऐवजी पोटदुखीची बाटली दिली जाते. म्हणून एकदाच लिहून काढतो.

माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे. थोरली बहीण सुलभाताई कामोठ्याला असते. तिचे यजमान विलासराव, म्हणजे माझे दाजी, यांची सगळी हयात न्हावा शेव्याच्या बंदरात गेली. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. माणूस एकदम नेटका. लग्नाच्या पंगतीतसुद्धा जिलबी आधी मोजून मग खाणारा. धंदा बंद केल्यावर त्यांच्या वयाचे लोक फिरायला जातात, हास्यक्लब काढतात. दाजींनी जगाचा अंत वाचायला घेतला.

एक दिवस ताईचा फोन आला.

"अवी, ह्यांनी कंटेनर घेतलाय."

"कसला माल आहे?"

"माल नाही. राहायला घेतलाय. जग बुडालं की आपण त्यात राहायचं म्हणतात. या शनिवारी तालीम आहे. सकाळी आत जायचं ते सोमवारी बाहेर. त्यांना औषधांचा माणूस पाहिजे म्हणून तुला बोलावलंय."

"आणि तुला?"

ताई म्हणाली, "मलापण तूच पाहिजेस. तालीम झाली की कायमचं तिकडेच राहायला जायचं असं ठरवलंय त्यांनी. तसं असेल तर मी रविवारी काय, सोमवारी काय, तुझ्या बसमध्ये बसून साताऱ्याला येणार. आधीच सांगून ठेवते."

माझी ताई असं बोलणाऱ्यातली नाही. मी बॅग भरली. बायकोला विचारलं, येतेस का. मंदा म्हणाली, "जग बुडायचंच असेल तर मी साताऱ्यात बुडेन. इथं निदान उंचावर तरी आहोत."

शुक्रवार, कामोठे

कामोठ्यात उतरल्यावर पहिली गंमत अशी की आपण कुठे आलोच नाही असं वाटतं. रिक्षावाला खटावचा, बिल्डिंगचा वॉचमन पाटणचा, आणि खालच्या दुकानातून ज्यांनी मला हाक मारली ते गृहस्थ माझ्या चुलत्यांच्या वर्गातले निघाले. फरक एवढाच की साताऱ्यात ओळख निघाली की चहा होतो. इथे ओळख निघाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कुठं लावली?" बसने आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा एवढा मोकळा झाला की मलाच बरं वाटलं.

दुसरी गंमत डासांची. आमच्याकडचा डास संध्याकाळी येतो, चावतो, जातो. कामोठ्याचा डास मुक्कामाला येतो.

जेवायला ताईने आमटी, भाकरी आणि मेथीची भाजी केली होती. दाजींनी माझं ताट मध्ये ओढलं.

"ही भाकरी म्हणजे पृथ्वी समज," ते म्हणाले. मग त्यांनी लिंबाची फोड उचलली आणि लांबून हळूहळू भाकरीकडे आणायला लागले. "आणि ही येते उल्का."

"लिंबू खाली ठेवा," ताई म्हणाली. "आमटी सांडेल."

"हेच म्हणतोय मी. आमटीच सांडणार आहे."

उल्केनंतर ज्वालामुखी आला. त्यानंतर अणुयुद्ध आलं. त्यात स्फोटाने मरतील ते सुटले, खरी पंचाईत मागे राहतील त्यांची, कारण आकाशात काजळी चढून वर्षानुवर्षं ऊनच पडणार नाही आणि शेतात काही उगवणार नाही. मग प्रयोगशाळेत माणसाने स्वतःच तयार केलेले रोग. शेवटी स्वतःच्या डोक्याने चालायला लागलेली यंत्रं. हे सगळं दाजी अगदी शांतपणे सांगत होते. बंदरात अडकलेल्या मालाची कारणं सांगावीत तसं.

मी गमतीने म्हटलं, "दाजी, आपली वयं बघता यातलं एकही आपल्यापर्यंत पोचणार नाही. आपल्याला बीपीच पुरे आहे."

त्यांनी भाकरी माझ्या ताटात परत ठेवली. "आपला प्रश्न नाहीच आहे, अविनाश. आजवर जेवढी माणसं जन्मली, त्याच्या किती पट अजून जन्मायची आहेत याचा विचार कर. आपण खिडकीपाशी उभे आहोत. मागे रांग केवढी आहे ते दिसतसुद्धा नाही. आपल्या हातून ती खिडकीच बंद पडली, तर मागच्यांनी कुणाकडे बघायचं?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं, आणि पटलेलं ताईला दिसू नये म्हणून मी मेथीची भाजी मागून घेतली.

"रांगेतल्यांच्या जेवणाचं मात्र माझ्याकडे येणार," ताई म्हणाली आणि उठली.

नंतर भांडी घासताना तिने मला बाकीचं सांगितलं. दाजी झोपत नाहीत. साथीच्या वर्षापासून. त्यांचे धंद्यातले जोडीदार रमाकांत त्या वेळी आठ दिवसांत गेले. साधा खोकला होता. दाजी हॉस्पिटलपर्यंत गेले, पण आत कुणालाच सोडत नव्हते. ते गेटबाहेर उभे राहिले आणि रात्री परत आले. "तेव्हापासून गॅलरीत बसतात," ताई म्हणाली. "कसली चाहूल घेतात कोण जाणे. विचारलं तर मला उल्केचं सांगतात."

शनिवार सकाळ, करंजाडे

पनवेलच्या पलीकडचं करंजाडे हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायचं म्हणजे, एका बाजूला उंचच उंच नव्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी, आणि रस्ता ओलांडला की मोकळे प्लॉट, गवत, म्हशी. वरून विमान एवढं खाली येतं की म्हशीसुद्धा मान वर करतात. विमान गेलं की पुन्हा चरतात.

असाच एक प्लॉट नारायणशेठचा. नारायणशेठचे वडील याच जमिनीत भात लावत. शहर आलं, जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाले. आता नारायणशेठची एक बिल्डिंग आहे, गळ्यात चेन आहे, आणि या प्लॉटवर ते जुने कंटेनर विकतात. कुणी त्याचं साइटवरचं ऑफिस करतं, कुणी ढाबा. दाजींची त्यांची ओळख बंदरातली, फार जुनी. दाजींचा कंटेनर निळा होता. शेजारी आणखी तीन-चार होते, त्यांतही एक-दोन निळे.

आतली व्यवस्था बघून मी गार पडलो. दोन्ही बाजूंना मिळून आठ फळ्या, झोपायला. मागे पाण्याचे ड्रम. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, गूळ, मीठ, तेलाचे डबे, शेगडी, सिलिंडर. वरच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडून जाळी लावलेली, बॅटरीवरचा पंखा, बॅटरीवरचा दिवा. कोपऱ्यात पडद्यामागे एक सोय होती, तिचं वर्णन करत नाही. आणि एका पेटीत, संस्कृती पुन्हा शून्यापासून उभी करायची झाली तर लागेल ते सामान. बाराखडीचा तक्ता, पाढे, भाज्यांचं बियाणं, दोरी, भिंग, सुईदोरा, आणि कुकरच्या रिंगा.

"रिंगा मी ठेवल्यात," ताई म्हणाली. "ह्यांचं सगळं भिंगापर्यंतच."

मी फळ्यांकडे बघितलं. "आठ जण कोण कोण?"

"आपण तिघं. तुझी मंदा. नारायणशेठ आणि वहिनी. खालच्या मजल्यावरचं देसाई जोडपं."

ताईने हातातली पिशवी खाली ठेवली. "आठांत सगळ्यात तरुण आमचा अवी. त्याचे गुडघे गेलेत. मग मागची ती एवढी मोठी रांग येणार कुठून?"

दाजींचे कान लाल झाले. "तो मुद्दा विचाराधीन आहे," ते म्हणाले.

विचाराधीन आणखी एक मुद्दा होता. कंटेनरचं दार फक्त बाहेरून लागतं आणि बाहेरूनच उघडतं. त्याच्या आतल्या बाजूला धरायला काहीच नसतं, कारण मालाला बाहेर यायची घाई नसते. दाजींना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"म्हणून तर नारायणशेठ आहेत," ते म्हणाले.

"आज आहेत," ताई म्हणाली. "जग बुडाल्यावर हे कुठून येणार उघडायला? आणि ते बाहेर राहणार असतील तर त्यांची फळी कशाला?"

नारायणशेठ मन लावून ऐकत होते. ते म्हणाले, "वैनी, तुमी टेन्शन नका घेव. जग बुरूं दे नायतं राहूं दे, मी भायेर हाय. आज पुतन्याची हलद हाय, मांडवान जावाचा हाय, पन मधी चक्कर मारीन."

दाजींनी आमचे तिघांचे फोन एका पिशवीत घातले आणि त्यांच्या हातात दिले. खऱ्या प्रसंगात नेटवर्क नसणार, तर तालमीत कशाला. आम्ही आत शिरलो. बाहेरून दांडे फिरले, लोखंडावर लोखंड वाजलं, आणि जग संपलं.

शनिवार दुपार, कुठे ते कळत नाही

जगबुडीनंतरचा पहिला अनुभव म्हणजे उकाडा. दुसरा म्हणजे सुके बोंबील. टिकाऊ पदार्थ म्हणून दाजींनी ते मोठ्या डब्यात भरून ठेवले होते, आणि डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. मी पंख्याचं तोंड तिकडे वळवलं, तर वास सगळीकडे सारखा पसरला. मी तो परत वळवला.

दाजींचा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी उल्कापात, दुपारी रोगराई, संध्याकाळी यंत्रं. ताईने वरणाला फोडणी दिली आणि त्या वासाने जरा माणसात आल्यासारखं झालं. दाजी उल्का पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात काय काय होईल ते सांगत होते, तेवढ्यात बाहेर घरघर ऐकू आली. मग छपरावर काहीतरी आदळलं. मग धाडकन आवाज झाला आणि आमची जमीन हलली.

"भूकंप," दाजी म्हणाले. "फळी धरा."

आम्ही फळ्या धरल्या. जमीन तिरकी झाली, सरळ झाली, आणि वर जायला लागली.

"दाजी," मी म्हटलं, "भूकंपात वर जात नाहीत."

आम्ही वर गेलो, तिथे थोडा वेळ झुलत राहिलो. वरणाचं पातेलं शेगडीवरून माझ्याकडे निघालं, ते ताईने पदरात धरलं. बाराखडीचा तक्ता भिंतीवरून सुटून दाजींच्या डोक्यावरून खाली आला. दिवा पडून विझला, आणि वरच्या भोकांतून येईल तेवढाच अंधुक उजेड राहिला. मग आम्ही हळूहळू उतरलो, पण पूर्वीच्या जागी नाही. पूर्वीच्या जागी डावीकडे कल नव्हता. आणि मग आम्ही चालायला लागलो. आम्ही म्हणजे सगळंच.

"पाणी," दाजी अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "उल्का समुद्रात पडली असणार. लाट खाडीतून वर आली. आपण तरंगतोय."

मी म्हटलं की मला तरी हा ट्रक वाटतो. दाजी म्हणाले, "ट्रक आपल्याला कशाला नेईल?" हे बिनतोड होतं. ट्रकने आम्हाला न्यावं असं एकही कारण मला सुचेना. मी नास्तिक नाही आणि फारसा आस्तिकही नाही, पण त्या अंधारात मंदा साताऱ्यात उंचावर आहे याचं मला फार बरं वाटलं.

बराच वेळ असा गेला. मग आम्ही थांबलो, आणि बाहेरून गलका ऐकू यायला लागला. हॉर्न वाजत होते, एक नाही, शेकडो. माणसं ओरडत होती. कुणी म्हणत होतं मागे घे, कुणी म्हणत होतं पुढे सरक. वरच्या भोकांतून धुराचा वास आला.

"लोक पळताहेत," दाजी म्हणाले.

ते उठले. मला वाटलं आता ते सामान तपासणार, कारण त्यांच्या कार्यक्रमात पुढे तेच होतं. पण ते अंधारात चाचपडत दारापाशी गेले आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले.

"आत या," ते ओरडले. "आत जागा आहे. बाहेर थांबू नका. लहान मुलं आधी पाठवा. दार उघडा आणि आत या, कुणीही या."

त्यांचा आवाज चिरकला होता. आठवीपासून मी दाजींना ओळखतो, त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. ताई माझ्याकडे बघत होती. मग ती उठून त्यांच्याजवळ गेली.

"अहो," ती म्हणाली, "फळ्या आठच आहेत."

"सरकून बसतील गं," दाजी म्हणाले. "माणसं बाहेर उभी आहेत आणि आपण आत. बडव. तू पण बडव."

मग ताई बडवायला लागली. मग मीपण.

न्हावा शेव्याचा रस्ता

इथे दाराच्या बाहेरच्या बाजूला काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, ते आधी सांगतो.

त्या ट्रेलरचा ड्रायव्हर तानाजी, माण तालुक्यातला. उलव्यातल्या एका बांधकामवाल्याने साइटवरच्या ऑफिससाठी नारायणशेठकडून निळा कंटेनर घेतला होता, तो पोचवायचं काम त्याला होतं. नारायणशेठने फोनवरून सांगितलं, मी हळदीत आहे, निळा आहे तो उचला. क्रेनवाल्याने निळा उचलला. पुढे न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एक ट्रेलर सकाळीच कलंडला होता आणि मागे सगळी रांग खोळंबली होती. तानाजी खाली उतरून चाकाला टेकून चहा पीत होता, तेव्हा त्याच्या रिकाम्या कंटेनरमधून कुणीतरी त्याला आत बोलवायला लागलं. जागा आहे म्हणून.

चहा त्याच्या पँटवर सांडला. त्याने आणखी चार ड्रायव्हर गोळा केले.

"कोण हाय रं आत?" आम्हाला बाहेरून ऐकू आलं.

"माणसं आहोत," मी ओरडलो.

दुसरा कुणीतरी म्हणाला, "दुपारचं भूत नसतंय."

"मी साताऱ्याचा आहे," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. माणूस अडचणीत आला की गाव सांगतो.

"साताऱ्याचं मानूस कंटेनरात कशाला बसंल? साताऱ्यात कुठं?"

"राजवाड्याजवळ. औषधांचं दुकान आहे."

"औषधांचं हाय तर मग सांगा, पित्तावर काय देता?"

मी तीन गोळ्यांची नावं सांगितली. बाहेर चर्चा झाली. त्यातली एक त्यांच्यातल्या एकाला लागू पडली होती असं दिसलं. दांडे फिरले.

दार उघडलं आणि एवढा उजेड आला की आम्ही तिघांनीही डोळे झाकले. हळूहळू दिसायला लागलं. दोन्ही बाजूंना खाडीची हिरवी झुडपं, पलीकडे मिठागरांचं पाणी चमकत होतं, त्यात गुलाबी पायांचे पक्षी उभे होते. आणि रस्त्यावर नजर जाईल तिथपर्यंत ट्रेलर. लाल, हिरवे, करडे, निळे कंटेनर. कुणी टायरखाली सावलीत झोपलेलं, कुणी पत्ते खेळत बसलेलं, एक जण बंपरवर आरसा ठेवून दाढी करत होता. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन उकडलेल्या शेंगा विकत मधून चालली होती.

दाजी दाराच्या कडेला पाय खाली सोडून बसले. ते कितीतरी वेळ त्या शेंगावालीकडेच बघत होते.

"काका, तुमी कुठं चाललावता?" तानाजीने विचारलं.

दाजींनी घसा साफ केला. "कुठे नाही," ते म्हणाले. "आम्ही राहत होतो."

पुढचा काही वेळ तानाजीचं फोनवर बोलणं चाललं. तो उलव्याला बोलला, क्रेनवाल्याला बोलला, आणि क्रेनवाल्याशी जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. नारायणशेठ फोन उचलेनात, हळदीत बाजा लागला असणार. मागे वळायला जागा नव्हती, पुढे जायला रस्ता नव्हता. ड्रायव्हर सकाळपासून अडकलेले. शेंगा संपल्या होत्या.

ताईने पदर खोचला. "अवी, तो मोठा तांदळाचा डबा काढ," ती म्हणाली.

"ताई, तो साठा आहे," मी म्हटलं, आणि दाजींकडे बघितलं.

दाजी उठले. त्यांनी स्वतः शेगडी दारापाशी ओढली, पाण्याच्या ड्रमचा नळ सोडला आणि मूगडाळीचं पोतं फाडलं.

त्या दिवशी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर जी खिचडी झाली तशी मी पुन्हा खाल्ली नाही. एकाने कांदे आणले, एकाने गावाकडचं लोणचं, आझमगडच्या एका चाचांनी आपल्या केबिनमधून हिरव्या मिरच्या आणि फार चांगला सल्ला आणला. बोंबील कुणीतरी चाकाच्या पान्यावर भाजले. साताऱ्यात अनोळखी माणसाला जेवायला बसवायचं तर आधी त्याची आत्या कोण ते निघावं लागतं. इथे जो ताट घेऊन आला तो जेवला.

आणि दाजींना श्रोते मिळाले. एका हातात डाव धरून त्यांनी सगळं सांगितलं. उल्का, काजळी, रोग. सगळे ड्रायव्हर खाताखाता ऐकत होते, आणि ऐकत होते ते नीट, कारण जायला कुठे जागाच नव्हती. एकाने विचारलं की ऊन पडलं नाही तर द्राक्षाचं काय. दाजी म्हणाले, अवघड आहे. तो खरंच हळहळला. त्याची बाग होती.

दाजी यंत्रांवर आले. "माणसापेक्षा हुशार झाली की ती आपलं ऐकतील असं नाही," ते म्हणाले.

तानाजीने बोटं चाटली. "मग ट्रेलर बी तीच चालवनार का काका?"

"ती तर सुरुवात असेल."

"मग या जाममधी त्यांनाच बसवा," तानाजी म्हणाला. "दोन दिसात हुशारी उतरंल."

सगळे हसले. मी दाजींकडे बघत होतो. आधी त्यांची मान हलली, मग खांदे. त्यांनी डाव पातेल्यात ठेवला आणि पोट धरून खाली बसले. ताई त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या हातातल्या ताटातली खिचडी निवत होती.

तेवढ्यात पुढून एक आरोळी आली, मग दुसरी, आणि इंजिनं सुरू व्हायला लागली. रस्ता सुटला होता. क्षणात सगळे उठून पळाले, काही जण ताटांसकट. त्यातली चार ताटं ताईच्या लग्नातली होती, ती आता गुजरातपर्यंत गेली असतील.

"बसा वर केबिनीत," तानाजी ओरडला. "थांबता येत न्हाय, मागनं शिव्या घालतील."

"तू जा," दाजी म्हणाले. "ने तो उलव्याला."

"तुमचा कंटेनर?"

"त्यांना ऑफिसच हवं आहे ना? आत पंखा आहे म्हणावं."

ट्रेलर निघून गेला. त्यामागे दुसरा, तिसरा. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला धुळीत उभे. ताईच्या हातात रिकामं पातेलं, माझ्या हातात औषधांची पेटी, दाजींच्या हातात डाव.

शनिवार संध्याकाळ, मांडवात

एका टेम्पोवाल्याने आम्हाला हळदीच्या मांडवाशी सोडलं, कारण फोन तिथे होते. आगरी हळद ही पाहायचीच गोष्ट आहे. आमच्याकडे हळद म्हणजे घरातल्या चार बायका आणि एक वाटी. इथे अख्खं गाव, ढोल, कडव्या वालाच्या भाजीचं हे मोठं पातेलं, आणि नवरदेवापेक्षा पाहुणेच जास्त पिवळे.

नारायणशेठ नाचत होते. आम्हाला बघून ते नाचता नाचताच थांबले, एक हात वर राहिला.

"तुमी भायेर कसं आलाव?"

"तुम्ही चक्कर मारली का?" ताईने विचारलं.

"मारनारच होतो, वैनी," नारायणशेठ म्हणाले. "पन मना वाटला, तुमी आत सेफ हाव."

दाजींनी त्यांना उलव्याची हकिगत सांगितली. नारायणशेठच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या क्रेन पाठवून परत आणतो, चूक माझी, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दाजी म्हणाले, "राहू दे. नंतर बघू." मग कुणीतरी मागून येऊन त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. मला वाटलं दाजी रुमाल काढतील, त्यांच्या खिशात घडीचा रुमाल कायम असतो. त्यांनी नाही काढला. जेवायला बसले, तिथे पंगतीत जागा कमी होती, तर दोघांना हाताने धरून आपल्या दोन्ही बाजूंना बसवलं.

रिक्षात परत येताना ते एकदाच बोलले. "रमाकांतला असं बसवायला हवं होतं," ते म्हणाले. ताईने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि पुढचा सगळा रस्ता धरून ठेवला. मी बाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.

रविवार, परतीचा रस्ता

सकाळी मला जाग आली ती घोरण्याने. एवढं मोठं घोरणं मी आमच्या घाटातल्या ट्रकांचंसुद्धा ऐकलेलं नाही. ताई स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. दिवा लावला तर खोलीत उजेड जाईल म्हणून तिने लावला नव्हता. कुकरपण लावला नव्हता. मला तिने आदल्या दिवशीची गार पोळी आणि गूळ दिला, आणि ओठांवर बोट ठेवलं.

तालीम सोमवारपर्यंत होती, पण कंटेनर उलव्याला आणि दुकान साताऱ्याला, म्हणून मी निघालो. ताई मला हायवेवर सोडायला आली. बस यायला वेळ होता. वरून विमान गेलं, आम्ही दोघांनी वर बघितलं.

मी विचारलं, "दाजी आता काय करतील?"

"काय करणार," ती म्हणाली. "उल्का पडायचीच आहे म्हणतात. काल झोपताना म्हणाले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतो."

"आणि तू? माझ्याबरोबर येणार होतीस."

बस समोर येऊन थांबली. कंडक्टरने दार उघडलं आणि सातारा, सातारा म्हणून दोनदा ओरडला. ताईने माझी बॅग वर ढकलली.

"ते अजून उठले नाहीत रे," ती म्हणाली. "उठल्या उठल्या चहा लागतो." आणि बस सुटायची वाटसुद्धा न बघता ती वळली, आणि भराभर चालत रस्ता ओलांडून गेली.